किटलीची सोय

धाकट्याने दिलेला जोड आजवर सुटला नव्हता. हे मी सांगतोय म्हटल्यावर ओळखीची माणसं निम्मं वजा करून घेतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. आमच्या सायकलींच्या कारखान्यात मला बंडलकाका म्हणतात. रंगखात्यात हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं, आणि त्या मोकळ्या तोंडातून मी तीस वर्षं ज्या पुड्या सोडल्या त्यावर कित्येकांची जेवणाची सुट्टी सुखात गेली. आमचा हिरवा रंग इतका जिवंत, की वाळत घातलेली फ्रेम एक गाय चाटून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने पोपटी दूध दिलं, ही माझीच. पण धाकट्याच्या जोडाबद्दल मी कधी बंडल मारलं नाही. तिथे गरजच पडली नाही.

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. तो जोडकाम खात्यात. पोलादाच्या दोन नळ्या एकमेकींना भिडवायच्या, ज्योतीने तापवायच्या आणि चांदीची तार वितळवून फटीत सोडायची, हे त्याचं काम. तो ज्योत नळीवरून अशी फिरवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून हात फिरवतोय. नळी जरा जास्त तापली की आतून ठिसूळ होते, बाहेरून काही कळत नाही. धाकट्याला कळायचं. रंगासाठी माझ्याकडे फ्रेमा यायच्या तेव्हा त्याचा जोड मी डोळे मिटून बोटाने ओळखायचो. ही थाप वाटत असेल तर वाटू द्या.

या माणसाने सात वर्षं खपून एक सायकल रेखाटली. जोडीला त्याची लेक. ही माझी पुतणी लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरायची आणि कारखान्याच्या नव्या सायकली चालवून बघायचं कामही करायची. दोघांनी मिळून जे काढलं त्याला आता सगळीकडे ग्रॅव्हल बाइक म्हणतात. आमच्या घरात तिला खडीची सायकल म्हणायचे. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टोकांशी बाहेर फाकलेलं, म्हणजे उतारावर पकड रुंद मिळते. टायर दोन अंगठे शेजारी ठेवावेत इतका जाड. पुढचं चाक थोडं आणखी पुढे सरकवलेलं, म्हणजे सुट्या खडीवर हँडल फडफडत नाही. आणि नळ्या टोकांना जाड, मध्ये पातळ; त्या पातळ भागामुळे सायकल दणके गिळते. धाकटा एवढंच म्हणायचा, "डांबरावर पळाली पाहिजे, आणि डांबर संपलं म्हणून थांबता कामा नये."

तिसरी फ्रेम पुतणीने पूर्ण मोसमभर चालवली. परत आली तेव्हा सायकलीवर इतकी धूळ, की धुतल्यावर खाली दोन कुंड्या भरल्या. बरं, एक कुंडी. तिने बापाला फक्त म्हटलं, "बाबा, आता हिला हात लावू नका." सात वर्षांत तिच्याकडून आलेली ही पहिली शाबासकी.

त्या फ्रेमला अकरा भोकं होती. पाण्याच्या बाटल्या, मडगार्ड, मागचं कॅरिअर, यांचे स्क्रू बसवायला. प्रत्येक ठिकाणी नळीला भोक पाडायचं, त्यात आतून आटे असलेली बोटाच्या पेराएवढी पुंगळी बसवायची आणि भोवतीने जोड द्यायचा. अकरातलं एकेक भोक कुठे असावं यावर बापलेकीची भांडणं झाली होती.

सायकल कारखान्याला आवडली. तिथेच घोटाळा झाला. आवडल्याबरोबर तिच्यासाठी एक समिती बसली.

समितीच्या प्रमुख म्हणजे नव्या मॉडेलांचं खातं बघणाऱ्या बाई. बाई हुशार, कामसू, कधी चढ्या आवाजात बोलणार नाहीत. त्यांचा आवडता शब्द बहुउपयोगी, आणि त्याच्या खालोखाल सोय. विक्रीखात्याने म्हटलं, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर तंबू बांधायची सोय हवी. जाहिरातखात्याने म्हटलं, कॅमेऱ्याची सोय हवी. कुणी दिव्याची सोय काढली, कुणी कुलपाची, कुणी पंपाची. मी त्या बैठकीला रंगाचे नमुने घेऊन गेलो होतो. रंगाचा विषय शेवटी, म्हणून कोपऱ्यात बसून जांभया देत होतो.

"बाई," धाकटा म्हणाला, "तुम्ही सोय म्हणताय ते माझ्या नळीला पाडलेलं भोक आहे."

"भोक म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं," बाई म्हणाल्या. "आपण सोयच म्हणू."

"नळीला शब्द कळत नाहीत."

लोक हसले. धाकटा हसला नाही. तोवर सत्तावीस सोयी झाल्या होत्या आणि प्रत्येक खातं आपली एक तरी पदरात पाडून घेऊनच उठायचं या ईर्ष्येने बसलं होतं. माझ्या जिभेला तिथे खाज सुटली. मनात एवढंच, की यांची थोडी फिरकी घ्यावी. मी कोपऱ्यातून म्हणालो, "आणि किटलीचं काय?"

"कसली किटली?"

मग मी सुरू झालो. एक निवृत्त टपालवाला आहे, म्हटलं, माझ्या चांगल्या ओळखीचा. मिठाचं वाळवंट एकट्याने सायकलवर एकोणीस दिवसांत ओलांडलं त्याने. सामान काय, तर एक पांघरूण आणि एक किटली. किटली खालच्या तिरप्या नळीला टांगलेली. खडीवर ती इतकी हिंदकळायची, की पाणी घुसळून घुसळून आपोआप कढत व्हायचं. हा सायकलवरून न उतरता चहा प्यायचा. वाळवंटातले उंट वासाने मागे लागायचे.

उंटांपाशी हशा पिकेल, असा माझा अंदाज. रंगखात्यात हमखास पिकला असता. इथे कुणी हसलं नाही. बाईंनी पेन उचललं.

"किटली किती लिटरची?"

आयुष्यात मला माझ्या बंडलावर कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, "दोन."

"आणि टांगायची नेमकी कुठे?"

मी उठलो. भिंतीवर लावलेल्या आराखड्यापाशी गेलो आणि खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी, हँडलच्या नळीपासून वीतभर मागे, बोट ठेवलं. "इथे. गुडघ्याला लागत नाही, चाकाला घासत नाही." बाईंनी तिथे लाल टिंब काढलं. अठ्ठाविसावी सोय. धाकटा माझ्याकडे बघत होता. लहानपणी मी त्याचा पतंग मुद्दाम काटला तेव्हा असाच बघत राहिला होता.

संध्याकाळी हात धुवायच्या नळावर त्याने मला गाठलं.

"दादा, उद्या जाऊन सांग, थाप होती म्हणून."

"सांगतो रे."

"ती जागा वाईट आहे. पुढच्या चाकाला बसलेला दणका तिथेच येऊन पोचतो. नेमकी तिथे जाड नळी संपते आणि पातळ सुरू होते. त्यात भोक, आणि भोकाला दोन लिटर पाणी हिसके देणार."

"सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मी गेलोही. बाईंनी मला खुर्ची दिली. चहा मागवला. म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखी माणसं समितीत हवीत. आमचे लोक रस्त्यावर जातात कुठे?" आणि विचारलं, "या टपालवाल्याचं वय काय असेल हो?"

मी म्हणालो, "एकाहत्तर."

आता माझ्यावर हवं तेवढं चिडा, मी ते करून मोकळा झालोय. तीस वर्षं लोकांनी माझ्या बोलण्यावर हसून पुढचा घास घेतला होता. इथे एक शिकलेली बाई माझं बोलणं वहीत उतरवून घेत होती. मी दर आठवड्याला समितीत जाऊ लागलो, आणि दर आठवड्याला टपालवाल्याला थोडं थोडं वाढवू लागलो. मिशा दिल्या. डावा गुडघा दुखरा केला. बायको माहेरी गेली ती परतली नाही, तेव्हापासून सायकलीला लागला, हेही मीच घातलं. ते ऐकून जाहिरातखात्यातल्या एकाचे डोळे पाणावले. टपालवाल्याचं बारसंही तिथेच झालं: किटलीवाला.

धाकट्याने लेखी हरकत घेतली. दोनदा घेतली. उत्तर आलं, की ही सोय प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाच्या अनुभवातून आलेली आहे, आराखड्यावरच्या सोयींत सर्वांत भक्कम आधार हिलाच आहे. तो कागद घेऊन तो रंगखात्यात आला. मी ब्रश खाली ठेवला नाही.

"तू सांगितलं नाहीस."

"एका भोकासाठी सायकल अडवणार आहेस का?" मी म्हणालो. "समिती म्हणेल, मग आणखी वर्षभर विचार करू. सात वर्षं थांबलास. एक पुंगळी बसव आणि सायकल रस्त्यावर आण. किटली टांगणार कोण आहे? असा माणूसच नाही जगात, तुला माहीत आहे."

हे बोलणं मला पटण्यासारखं वाटलं. वाईट म्हणजे, त्यालाही वाटलं. तो थकला होता. त्याने भोक पाडलं, पुंगळी बसवली, आणि जोड दिला. तो जोडही मी बोटाने बघितला. नेहमीसारखाच होता, कुठे खडबड नाही, कुठे ओघळ नाही.

चाचणीच्या नियमात लिहिलेलं होतं, की प्रत्येक सोय पूर्ण भाराने वापरून बघायची. मला नियम माहीत नव्हता. म्हणजे जगात नसलेल्या माणसाची किटली टांगायला जगात एक जण होतं, आणि ती माझी पुतणी.

तिने पाच आठवडे खाणीकडच्या रस्त्यावर ती सायकल चालवली. दोन लिटर पाणी भरलेली किटली खाली हिंदकळत असायची. मला एकदा रस्त्यात भेटली, म्हणाली, "काका, तुमच्या किटलीवाल्याला सांगा, पाणी काही कढत होत नाही." मी म्हटलं, "तू हळू चालवत असशील." ती हसत गेली. सहाव्या आठवड्यात उतारावर खालची नळी तुटली. पुंगळीपाशीच तुटली, सुरीने कापल्यासारखी. पुढचं चाक आत दुमडलं आणि ती खडीवर तोंडावर आपटली. पुढचे दोन दात गेले, खांद्याचं हाड मोडलं, आणि उजवं मनगट तीन ठिकाणी. दात बसवता येतात, खांदा जुळला. मनगटाबद्दल डॉक्टर म्हणाले, रोजची कामं होतील. हँडल धरून तासन्तास दणके खायचं मात्र विसरा. शर्यतींचा विषय तिथेच संपला.

मग चौकशी लागली. कारखान्याच्या तपासनिसाने भिंगाखाली तुकडा बघून लिहिलं, की भेग जोडाच्या कडेपासून सुरू झाली आहे, त्या अर्थी जोड देताना नळी वाजवीपेक्षा जास्त तापवली गेली असावी. आता भोकाच्या कडेलाच जोड असतो, तर भेग दुसरीकडून कुठून सुरू होणार? पण तसं लिहिलं, तर भोक कुणी मंजूर केलं इथवर गाडी जाते. जोडापर्यंत थांबलं, की एकच माणूस लागतो. सायकल वाचते, समिती वाचते, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सोयी वाचतात.

धाकट्याला काढून टाकणार नव्हते. पण अहवाल तसाच मंजूर झाला, तर त्याच्या हातातली ज्योत जाणार होती. त्याहून मोठं म्हणजे, त्याच्या जोडामुळे त्याची लेक पडली, हे कागदावर कायमचं लागणार होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, "दादा, आता तरी." 

चौकशीला प्रत्येकाला वेगळं बोलावलं होतं. मी गेलो. खरंच गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आत बाई, तपासनीस आणि टिपणं घेणारा एक कारकून. मी बसलोही नाही. म्हणालो, "किटलीवाला नावाचा माणूस नाही. तो मी बनवला. टपालखातं, वाळवंट, मिशा, गुडघा, सगळं माझ्या डोक्यातलं. ती जागा मी आराखड्यावर उगाच बोट ठेवून दाखवली. धाकट्याने नको म्हणून सांगितलं होतं. दोष भोकाचा आहे, आणि भोक माझं आहे."

 मग तपासनीस हसला. कुत्सित नाही, प्रेमाने हसला. त्याने माझी पोपटी दुधाची गोष्ट ऐकलेली होती.

"काका, भावासाठी जीव तुटतोय, समजतं आम्हाला," तो म्हणाला.

"अहो, तो माणूस नाहीच."

बाईंनी नव्या सायकलीचं माहितीपत्रक माझ्यासमोर सरकवलं. पहिल्याच पानावर चितारलेला किटलीवाला. मिशा मी सांगितल्या त्याहून जरा झुपकेदार. "तीन विक्रेत्यांनी त्याला पाहिलंय," बाई म्हणाल्या. "आम्ही खात्री करून घेतली ना. एका दुकानात तर तो गेल्या वर्षी टायर बदलून घेऊन गेला. दुकानदाराने त्याच्या किटलीतला चहा घेतलाय."

"तो दुकानदार थाप मारतोय."

"सगळेच थापा मारतात का काका?"

"मी थापा मारतो हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. तेव्हा माझ्यावर विश्वास कसा ठेवलात?"

बाईंनी वही उलटून तारीख शोधली. त्या खरोखरच आठवून बघत होत्या. "तेव्हा तुम्ही मापं दिली होती," त्या म्हणाल्या. "दोन लिटर. वीतभर मागे. एकोणीस दिवस. आज नुसतं नव्हता, नव्हता म्हणताय. यात लिहून घेण्यासारखं काय आहे?"

कारकुनाने पेनाला टोपण लावलेलंच होतं. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, आणि जितका आवाज चढवला तितके ते समजूतदार होत गेले. तपासनिसाने मला दारापर्यंत सोडलं, पाठीवर हात ठेवून. "असा भाऊ सगळ्यांना मिळो," म्हणाला.

अहवाल मंजूर झाला. धाकट्याची बदली बांधाबांधीच्या खात्यात झाली. आता तो दुसऱ्यांनी जोडलेल्या फ्रेमा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालतो. सायकलीचे जोड बाहेरून करून येणार. किटलीच्या जागी नळीला पोटाशी एक पट्टी वाढवली, सोय कायम. वर जाहिरातखात्याची सूचना माझ्याकडे आली, की प्रत्येक फ्रेमवर त्या जागी पांढऱ्या रंगात छोटी किटली काढावी. त्या मी काढतो. दिवसाला चाळीस होतात.

अहवाल मंजूर झाला त्या आठवड्याच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. भावजयीने दार उघडलं, "या भावोजी" म्हणाली आणि आत निघून गेली. पुतणी खिडकीशी बसून डाव्या हाताने सही गिरवत होती. उजवा हात उशीवर. धाकटा जेवणाच्या टेबलाशी, समोर काहीच नाही.

"गेला होतास?" त्याने विचारलं.

"गेलो होतो. सगळं सांगितलं. किटलीवाला मी बनवला, भोक माझं, तू नको म्हणाला होतास, सगळं."

"मग काय म्हणाले?"

"हसले."

त्याने मान वर केली. "हसले म्हणजे?"

"म्हणाले, असा माणूस आहे. तीन विक्रेत्यांनी त्याला पाहिलंय."

"किटलीवाल्याला."

"हो. एकाच्या दुकानात टायर बदलून गेला. त्या दुकानदाराने त्याच्या किटलीतला चहासुद्धा घेतलाय."

पुतणीच्या तोंडून हसू फुटलं, आणि जबडा दुखला म्हणून तिने तो हाताने दाबून धरला. हे मी बोलत असताना माझ्याच कानांना कसं लागत होतं ते मला कळत होतं. इतकी वर्षं मी ज्या सुरात बोललो, त्याच सुरात हेही येत होतं. दुसरा सूर माझ्याकडे नव्हता.

"आणि बाई म्हणाल्या," मी रेटून पुढे गेलो, "तेव्हा तुम्ही मापं दिली होती, आज मापं नाहीत, म्हणून लिहून घेता येत नाही."

"दादा, पुरे."

"आईशप्पथ सांगतो."

"आईला मध्ये आणू नकोस." त्याचा आवाज चढला नव्हता. "गेला नसशील, तर गेलो नाही म्हण. घाबरलास म्हण. मी एका शब्दाने बोलणार नाही तुला. आम्हाला यापुढे हे घेऊन राहायचंय, एवढं एक तरी सरळ ऐकू दे. पण तिच्यासमोर हे नको."

मी तिच्याकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. माझ्याकडे अगदी गोड बघत होती, म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं.

मला आणखी सांगता आलं असतं. तपासनिसाचा हात पाठीवर होता, कारकुनाचं पेन बंद होतं, खोलीत उजवीकडे तिजोरी आणि तिच्यावर झाडू होता. जितकं सांगितलं असतं, तितकं ते रचलेलं वाटलं असतं.

"नाही गेलो," मी म्हणालो. "दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो."

धाकट्याच्या खांद्यांतला ताण गेला. त्याला पटलं. एवढ्या वर्षांत माझं बोलणं त्याला असं पहिल्या फटक्यात कधी पटलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "जाताना दार ओढून घे."